पहिल्या पत्रिकेचा पत्ता

घरमालक या जमातीशी माझं कधी जमलंच नाही. बेंगळुरात कोरमंगल्याच्या ज्या पीजीत मी आधी राहायचे, तिथल्या मालकीणबाई मी आंघोळीला किती बादल्या घेतल्या हे दाराबाहेर उभं राहून ऐकायच्या. त्यामुळे शिवाजीनगरच्या गल्लीतली खोली बघायला गेले ती भांडायच्या तयारीनेच. खाली गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान, रेक्झिनची भेंडोळी, डोकं उठवणारा सोल्युशनचा वास, आणि त्या वासात खुशाल बसलेले एक पासष्टीचे गृहस्थ. गळ्यात टेप, कानावर खडू. मी मराठीत बोलले तसे तेही मराठीत बोलायला लागले. शब्द सगळे आपले, पण चाल अशी की मी दोनदा "काय?" म्हटलं.

"अक्का, तुम्ही कुठले?"

"बार्शीची."

"बार्शीचेच काय?"

"म्हणजे काय? तिथेच वाढले."

"वाढलेलं नाही विचारलं. कुठले ते विचारलं."

मी वैतागले. म्हटलं, आजोबा वैरागच्या पलीकडच्या खेड्यातले, घर आहे अजून, काका राहतात, झालं समाधान? "मग तसं सांगा की!" म्हणत माणूस असा खुलला, जशी आमची जुनी ओळखच निघाली. खेड्याचं नाव त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, खडूने टेबलावर लिहिलं आणि किल्ली हातात ठेवली. नोकरी कुठे, घरी किती वाजता येणार, मांसमच्छी चालते का, कोण भेटायला येणार, एक अक्षर नाही. मीच शेवटी विचारलं, अहो, करार? "सवडीनं करूया की," म्हणाले. चार वर्षं राहिले, करार काही झाला नाही.

गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणायला लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. पूर्वज घोड्यांबरोबर आले, एवढंच त्यांना ठाऊक. आधी खोगिरं शिवली, मग टांग्याच्या गाद्या, मग मोटारींच्या सीटा. सुईदोरा तोच, खालचं जनावर बदललं, असं ते म्हणायचे. त्यांच्या घरात कव्हर नाही अशी वस्तू नव्हती. मिक्सरला कव्हर, सिलिंडरला कव्हर, रिमोटला तर पायपिंग लावलेलं. माझा लॅपटॉप एकदा जिन्यात दिसला, दुसऱ्या दिवशी तो तपकिरी रेक्झिनच्या झग्यात. महादेवपुऱ्याच्या ऑफिसात तो झगा बघून पोरं हसली. मी आता नोकरी बदलली, लॅपटॉपही बदलला, पण झगा टाकवत नाही. अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली. मला अजून शिवाजीनगरच्या स्टँडवरून जावं लागलं तर मी मान वळवून त्या गल्लीकडे बघत नाही, बघितलं की दिवसभर काही सुचत नाही.

तर दुकानात मागच्या भिंतीवर जगाचा एक भलामोठा नकाशा होता, प्लायवूडला चिकटवलेला, कडेला रेक्झिनची पट्टी मारलेली. त्यावर ठिकठिकाणी सीटांना मारतात ते बारीक खिळे. नकाशाखाली एक म्हातारा कॉम्प्युटर, अर्थात कव्हरसकट. कुणा जुन्या भाडेकरूने परदेशी जाताना तो ठेवून दिला होता, आणि दोन रविवार बसून त्यातला एक गेम अण्णांना शिकवला होता. गेम जुनाट, चौकोनी चित्रांचा. तुम्ही युरोपातल्या कुठल्यातरी राजाचे दर्यावर्दी. जहाज घेऊन पश्चिमेला निघायचं. समोरचा सगळा नकाशा काळाकुट्ट, जहाज सरकेल तसा उजळत जाणारा. किनारा लागला की माणसं उतरवायची, वसाहती वसवायच्या, ऊस, कापूस, तंबाखू पिकवून मायदेशी धाडायचा. पुढे राजा कर वाढवत नेतो, आणि शेवटी त्याच्याशी लढून स्वतंत्र व्हायचं, म्हणजे जिंकलात.

या गेमवर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत हे मला अण्णांमुळे कळलं. फार नाहीत, पण आहेत ती भलती चिवट. इंटरनेटवर त्यांचं एक पान होतं. तिथे ते युक्त्या सांगायचे, भांडायचे, बढाया मारायचे. आणि त्याच पानावर एक यादी होती, कोण कुठला याची. ही यादी सांभाळायचं काम कुणी न सांगता अण्णांनी आपल्याकडे घेतलं होतं. त्यांचं इंग्रजी गिऱ्हाइकाला गाडीचं मॉडेल विचारण्यापुरतं, त्यामुळे जो भाडेकरू तो कारकून. रविवारी सकाळी नाश्ता झाला की अण्णा सांगणार आणि मी लिहिणार.

"नवीन आलाय बघा एक. काय म्हणतोय?"

"टोरांटो म्हणतोय."

"ते राहतोय तिथलं. विचारा, कुठले तुम्ही? आधी प्लीज घाला."

मग तो बिचारा लिहायचा, पणजोबा आयर्लंडहून आले. अण्णा म्हणायचे, आयर्लंड काय गाव आहे काय? गाव विचारा. आठवड्याने एखाद्या गावाचं नाव यायचं, की अण्णा उठून नकाशावर हळूच खिळा ठोकायचे आणि खुर्चीत मागे रेलून त्याच्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "अक्का, एक लक्षात आलं काय? हा गेम खेळणारं एकही माणूस आपल्या जागेवर नाही. ब्राझीलमधला जर्मनीकडचा, कॅनडातला युक्रेनकडचा. सगळी कुठनंतरी उठून निघालेली माणसं. घरात बसलेल्याला जहाज कशाला लागतंय?"

मी स्वभावाने भांडखोर. एकदा सरळ विचारलं, अण्णा, परक्यांनी येऊन दुसऱ्यांची जमीन बळकावली, त्याचा हा खेळ. तुम्हाला गोड कसा लागतो? ते रागावले नाहीत. रेक्झिन कापता कापता म्हणाले, "आमचे मागचे इथे तलवार घेऊन आले की सुई घेऊन, कुणाला ठाऊक? म्हणून मी तरी स्वल्प सांभाळून खेळतो." आणि ते खरंच होतं. किनाऱ्यावर उतरल्याबरोबर ते आधी तिथल्या मूळच्या लोकांच्या गावात माणूस पाठवायचे, भेटवस्तू द्यायचे, ते शिकवतील ते शिकायचे, मग कुठे लांब, पडीक जागा बघून वस्ती करायचे. त्यामुळे त्यांच्या वसाहती कायम कुपोषित. पानावरचे दिग्गज त्यांची थट्टा करायचे. त्याहून मोठी थट्टा व्हायची ती ते स्वातंत्र्य जाहीर करत नसत म्हणून. शेवटच्या वर्षापर्यंत राजाचे टोमणे ऐकत, कर भरत खेळायचे आणि हरायचे. एक जहाज तर ते कायम रिकामंच मायदेशी ये-जा करत ठेवायचे.

"अहो, काहीच न भरता कशाला पाठवता?"

"जाऊन येऊ दे की. वाट मोडू नये." आणि ते जहाज पुढे सरकवत, "आपलं बंदर कुठलं ते ज्याला माहीत आहे, त्याने भांडून तोडायचं कशाला, सांगा बघू?"

वसाहतींना त्यांनी नावं दिली होती ती भाडेकरूंच्या गावांची. नागपूरजवळचं एक, निपाणीकडचं एक, आणि माझं. भिंतीवरच्या नकाशावरही या गावांचे खिळे होते. मी सकाळी बससाठी धावत असायची आणि दुकानातून आवाज यायचा, "अक्का, तुमच्या गावात काल शाळा झाली!" कधी, "तुमच्याकडं कापूस पडून आहे, जहाज मिळेना!" हे मी एकदा फोनवर बाबांना सांगितलं. झालं, तेव्हापासून बाबांना नाद लागला. फोन केला की पहिला प्रश्न, काय गं, आपल्या गावात काय विशेष? गोदी बांधली म्हटलं तर म्हणाले, "चला, वैरागला समुद्र आला. आता पाण्याचं बघा म्हणावं जरा." चार वर्षांत मी बाबांशी जेवढं बोलले तेवढं त्याआधी कधी बोलले नव्हते.

आता सगळ्यांना ढोसून ढोसून विचारणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नावापुढे यादीत काय होतं? काहीही नव्हतं. रिकामं. कुणी उलट विचारलं की सांगायचे, "लिहा, शोधतोय."

ते काय शोधताहेत हे मला त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नीट कळलं. मुलगी बँकेत होती, बापासारखीच ठाम, नवरा मुलगा मैसूरकडचा, कन्नड. आई नसल्यामुळे पत्रिका निवडायला तिने मला बसवलं होतं. पत्रिका छापून आल्या तशी अण्णांनी पहिली उचलली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि देवघराखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला.

लग्नाची पहिली पत्रिका कुळदैवताला, ही आपल्याकडची रीत. त्यांच्याकडेही होती. फक्त दैवत कुठल्या गावचं ते कुणालाच माहीत नव्हतं. गाव विसरलं, रीत राहिली. मग प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका त्या डब्यात जायची, पत्ता सापडला की सगळ्या एकदम पोचवू म्हणून. अण्णांनी मला एकेक काढून दाखवली. त्यांच्या बहिणीची. त्यांची स्वतःची, सोनेरी अक्षरं उडालेली. वडिलांची, मोडीसारख्या वळणाच्या हाताने लिहिलेली. सगळ्यात खाली एक पिवळा कागद होता, तो उलगडायची कुणाची छाती नव्हती, मोडला असता.

"आणि देव?" मी विचारलं.

त्यांनी देव्हाऱ्यातला चांदीचा टाक हातावर ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून गुळगुळीत झालेला. घोडा तेवढा ओळखू येत होता, वर बसलंय ते कोण हे काही कळत नव्हतं. खंडोबा असेल, जोतिबा असेल, भैरोबा असेल, नाहीतर गावचा कुणी वीर. अण्णा म्हणाले, "माझ्या बापाने पत्रिका डब्यात ठेवली, मी ठेवली. आता ही शेवटची. माझ्यामागं आमच्या घरात पत्रिका ठेवणारं कुणी नाही. ही तरी पोचावी असं वाटतंय." त्यांनी ती पत्रिका डब्यात ठेवली. मी डब्याचं झाकण लावायला मदत केली.

पुढच्या रविवारी त्यांनी पानावर मजकूर सांगितला. मी तुम्हा सगळ्यांना विचारलं, माझं सांगितलं नाही, कारण मला माहीत नाही. मुलीचं लग्न जवळ आलंय. तुमच्यातल्या ज्यांचं गाव हरवलं होतं आणि सापडलं, त्यांनी कसं शोधलं ते सांगा. मी लिहिलं, त्यांनी दोनदा वाचून घेतलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

उत्तरं आली, ढीगभर आली. पण काय आली! ब्राझीलच्या एका आजोबांनी लिहिलं, माफ करा, मी तुम्हाला दिलेल्या नावाची चार गावं आहेत, त्यातलं नदीकाठचं मला आवडलं म्हणून ते सांगितलं. कॅनडातल्या बाईंनी आडनावावरून अंदाज बांधला होता. एकाने आजीच्या पेटीवरचं नाव दिलं होतं, आणि ती पेटी जुन्या बाजारातली असावी असा त्याला आता संशय होता. एकाने तर लिहिलं, तुम्ही इतक्या आशेने विचारलंत की नाही म्हणवेना. एकामागून एक सगळे कबूल व्हायला लागले, जसे काही इतकी वर्षं कुणीतरी विचारण्याचीच वाट बघत होते. मी वाचत होते आणि अण्णांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे हे सगळे अंदाज?"

"अण्णा, सगळे नसतील…"

"माहीत नाही म्हणायला काय झालं होतं? मी म्हटलं की! मी रिकामं ठेवलं की!"

त्यांनी पक्कड घेतली आणि खिळे उपटायला सुरुवात केली. दुपारचं जेवण नाही, काही नाही. मी नावं वाचायची, ते विचारायचे, पक्कं की अंदाज? अंदाज म्हटलं की खिळा बाहेर. संध्याकाळपर्यंत निम्मं जग मोकळं झालं. बार्शीजवळ आले तेव्हा थांबले. "तुमचं घर खरंच आहे काय अजून?" मी आहे म्हटलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि पक्कड ठेवली. माझा एवढासा खिळा राहिला याचं मला तेव्हा किती बरं वाटलं, काय सांगू.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी चार दिवसांसाठी घरी निघाले होते. मुलगी वर आली आणि तिने पत्रिका माझ्या हातात कोंबली. हळदकुंकवाची, डब्यातली.

"अक्का, तुमची बस भीमा ओलांडून जाते ना? घोडे म्हटलं की सगळे भीमेकाठचं नाव घेतात. पलीकडच्या कुठल्याही देवळात ठेवा. अप्पांना सांगू नका." अण्णांना ती अप्पा म्हणायची.

"अगं, त्यांना अंदाज चालत नाही. परवाच बघितलंस ना?"

"मला ती डब्यात नको आहे," ती म्हणाली. "आईची पत्रिका डब्यात आहे. माझी नको." मी पत्रिका पर्समध्ये ठेवली.

सकाळी आठच्या सुमाराला बसने भीमेचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने एका फाट्यावर चहाला थांबली. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर लिंबाखाली एक ठेंगणं देऊळ. मी पळत गेले. आत शेंदूर लावलेला तांदळा, नुसता गोल दगड, घोडाबिडा काही नाही. एक म्हातारी गाभारा झाडत होती, गुरवीण असावी. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं, माणसं फार वर्षांपूर्वी घोड्यांबरोबर गेली, बेंगळूरला असतात, देव विसरलेत, गाव विसरलंय, पण पत्रिका अजून काढतात. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. म्हातारीने केरसुणी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"आमच्यातली बी लई गेली माणसं. कोण कुठं, कोण कुठं. कुणाचा कागूद न्हाई आला." तिने पत्रिका दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. "लगीन कवाचं हाय?"

मी तारीख सांगितली आणि पळत बस पकडली. बसल्यावर मला रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही.

खोटं मला पचत नाही. परत आल्यावर रविवारी अण्णांना सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, देव कुठला? मला माहीत नव्हतं. त्या बाईंचं नाव? नव्हतं विचारलं. "आणि गावाचं?"

जगात कोण कुठला हे टिपून ठेवणाऱ्या माणसाची चार वर्षांची कारकून मी, आणि मी गावाचं नाव विचारलं नव्हतं! आजही आठवलं की कान तापतात.

"अंदाज," अण्णा म्हणाले. "तुम्ही पण अंदाजच केला, अक्का. दुसऱ्याच्या देवाच्या दारात आमचं ओझं टाकून आलात. त्या बाईला काय वाटलं असेल?" आवाज चढवला नाही, चढवला असता तर मी भांडले तरी असते. त्या दिवसापासून सकाळची गावाची खबर बंद. मी दुकानापुढून जायची तेव्हा ते शिवणीत डोकं घालून बसलेले असायचे. बाबांनी फोनवर विचारलं, आपल्या गावात काय? मी म्हटलं, काही नाही, सगळं ठप्प आहे. लग्नाच्या तयारीत मी हमाली केली, फुलं आणली, केळीचे खांब बांधले, पण आमच्यात जे बिनसलं होतं ते तसंच राहिलं. डबाही तिथेच होता. नव्या पत्रिकेची जागा त्यात रिकामी होती आणि ती पोचली असं म्हणायची सोय नव्हती.

लग्न सकाळचं, जवळच्याच मंगल कार्यालयात. सनई-नादस्वराचा दणदणाट, मैसूरकडच्या मंडळींच्या रेशमी साड्या, अण्णा फेटा बांधून दाराशी उभे. मुहूर्ताला अर्धा तास असेल, गेटवरचा रखवालदार मला शोधत आला. कन्नडमध्ये म्हणाला, कुणीतरी दोघं आलेत, काय बोलतात कळत नाही. मी गेले. गेटपाशी तीच म्हातारी. इरकली लुगडं, हातात वायरची पिशवी. बरोबर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा, तिचा दीर. तिच्या हातात ती पत्रिका होती, हळदकुंकवाचे डाग अजून तसेच. रात्रभर गाडीत बसून आले होते, वाटेत कुणाकुणाला ती पत्रिका दाखवत, पत्ता विचारत.

"घोडेवाल्यांचं लगीन हितंच का?" तिने विचारलं. मग मला ओळखलं. "तू व्हय! गाडी चुकली न्हाई न्हवं त्या दिशी?"

मी म्हटलं, आजी, ती पत्रिका देवाला होती.

"देवाला आली म्हंजे गावाला आली की," तिचा दीर म्हणाला. "देव काय यष्टीनं येतोय? बसलो चार जण पारावर, म्हटलं कुणीतरी जायाला पायजे. बलावलंय तर."

मी त्यांना आत घेऊन गेले. मला वाटलं, अण्णा आता विचारणार, तुम्ही कुठले, आमचे कोण, पक्कं की अंदाज, आणि या बिचाऱ्यांकडे काय उत्तर असणार? अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, पत्रिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, फेटा, रेशमी शर्ट, सगळं.

"लई लांब येऊन ऱ्हायलासा की बाबा," ती म्हणाली.

म्हातारीने पिशवीतून खण काढला, नारळ काढला, ओटीचे तांदूळ, एका फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. नवरीला बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्या तिची ओटी भरली. मुलीने वाकून नमस्कार केला आणि तशीच तिच्या गळ्यात पडली, गजरे चुरगळले तरी सोडेना. अण्णांनी मग स्वतः दोन खुर्च्या ओढल्या, पहिल्या रांगेत, जिथे घरच्या वडीलधाऱ्यांनी बसायचं तिथे. दोघांना बसवलं. आपण तिसरी ओढून समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं,

"गावाकडं सगळे बरे आहेत काय?"

हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो, उत्तर न ऐकताही विचारतो. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मिळालं होतं, ज्याला तो विचारता येईल. म्हातारीने श्वास घेतला आणि सुरू झाली. औंदा विहिरीला पाणी हाय. देवळाम्होरला लिंब वाऱ्यात मोडला, निम्मा ऱ्हायलाय. खालच्या आळीची थोरली म्हातारी गेली शिमग्याला, शेवटाला लई हाल झालं तिचं. तिच्या नातीला नोकरी लागली, दवाखान्यात. अण्णा पुढे वाकून ऐकत होते. एकाही माणसाला ते ओळखत नव्हते. पण "बरं बरं" म्हणत होते, "अरेरे" म्हणत होते, "मग आता घर कोण बघतंय त्यांचं?" असं विचारत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

स्टेजवर अंतरपाट धरला गेला. नवरा मुलगा उभा, मामा लोक खुणा करताहेत. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, अण्णा, चला, मुहूर्त जवळ आला.

"थांबा की स्वल्प," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "गावाकडची माणसं आलीत."

भटजींनी घड्याळाकडे एकदा बघितलं आणि थांबले.